पाहुण्याचे घर आणि यजमानाचे घर

आपल्या सीमाभागात एखादे जुने घर जपण्यालायक ठरायचे असेल, तर त्या घरी कोणी तरी मोठा पाहुणा उतरलेला असावा लागतो. घर बांधणाऱ्याने ते कसे बांधले, त्यात चार पिढ्या कशा नांदल्या, गावाचा व्यापार, वकिली, शाळा, भजनी मंडळे त्या ओसरीवर कशी आकाराला आली, याला आमच्याकडे मोल नाही. पाहुणा रात्रभर टेकला असेल तर घर ‘पावन’ झाले. न टेकला असेल तर ती नुसती ‘जुनी इमारत’. ही दृष्टी भाविक आहे हे आम्ही मान्य करतो, पण ती इतिहासाची दृष्टी नव्हे. इतकेच नव्हे, तर याच दृष्टीने आपल्या गावांचे डोळ्यांदेखत नुकसान होत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उदाहरण घरचेच घेऊ. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावास आले. त्या वेळी ते जगद्विख्यात नव्हते. शिकागोची सर्वधर्मपरिषद अजून अकरा महिने दूर होती. कोल्हापूर दरबारचे खासगी कारभारी गोळवलकर यांची चिठ्ठी घेऊन एक अनोळखी बंगाली संन्यासी रिसालदार गल्लीतील वकील सदाशिवराव भाटे यांच्या दारात उभा राहिला. पुढे काही दिवसांनी स्वामीजी वनखात्यातील अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे राहावयास गेले आणि २७ ऑक्टोबरच्या सुमारास गोव्याकडे रवाना झाले. मित्र यांच्या किल्ल्यातील बंगल्याच्या जागी आज रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे, आणि भाट्यांचे घरही स्वामीजींचे स्मारक म्हणून जपले गेले आहे. याचा आनंद कोणास होणार नाही? आम्हांसही होतो.

पण प्रश्न असा की, ही वास्तू कशामुळे वाचली? केवळ स्वामीजी तेथे राहिले म्हणून नव्हे. परिव्राजक अवस्थेत ते हिंदुस्थानभर शेकडो घरी राहिले. त्यांतील कित्येक घरांचा आज मागमूस नाही. भाट्यांचे घर वाचले याचे पहिले कारण असे की, त्या घरातील एका मुलाने पुढे लेखणी हाती घेतली. सदाशिवरावांचे चिरंजीव प्रा. जी. एस. भाटे यांनी आपल्या लहानपणीच्या त्या आठवणी लिहून ठेवल्या. हा संन्यासी आपल्या कल्पनेतील संन्याशासारखा नव्हता, जेवणानंतर तो विडा मागे आणि तंबाखूही खाई, याचे घरच्यांना वाटलेले नवल त्यांनी लपविले नाही. आपण त्या वेळी पाणिनीची अष्टाध्यायी पाठ करीत होतो आणि पाहुण्याचे पाठांतर आपल्याहून सरस निघाले, हेही त्यांनी सांगितले. हरिपद मित्रांनीही आपल्या आठवणी लिहिल्या. या दोघांनी लिहिले नसते, तर रिसालदार गल्लीतील ते घर आज कोणत्या स्थितीत असते, हे सांगावयास ज्योतिषी नको.

म्हणजे घर वाचविले ते प्रथम लेखणीने. दगडी फलक, कुलूप, ट्रस्ट, अनुदान हे सगळे मागाहून आले. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण आमच्या पुढच्या सर्व विवेचनाचा तोच पाया आहे.

आता त्याच आठवणींकडे जरा दुसऱ्या बाजूने पाहावे. त्यांत स्वामीजी आहेत, पण त्यांच्याइकाच एक मराठी यजमानही आहे. १८९२ चे बेळगाव म्हणजे मुंबई इलाख्यातील जिल्ह्याचे ठाणे. १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतल्यावर छावणी, कचेऱ्या, कोर्ट यांच्याभोवती वाढलेले गाव. त्या गावात एक वकील आपल्या घरी परप्रांतीय साधूला ठेवून घेतो, गावातील सुशिक्षित मंडळी त्याच्याशी वाद घालावयास जमतात, मुलगा संस्कृत पाठ करीत असतो, स्वयंपाकघरात पाहुण्याच्या खाण्यापिण्याची चर्चा होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागात नवशिक्षित वर्ग कसा घडला, याचे याहून जिवंत चित्र कोणते असू शकेल? स्वामीजी त्या चित्रात क्षणभर आले आणि गेले. चित्र मात्र त्या घराचे होते. अशी घरे बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणी, चिकोडी येथे आणखीही होती. तेथे विवेकानंद आले नाहीत, एवढाच काय तो त्यांचा अपराध.

सातासमुद्रापलीकडचे एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. अमेरिकेत लहानलहान गावांत पहिल्या वसाहतकऱ्यांची घरे जपून ठेवलेली आढळतात. १८६२ च्या कायद्याने १६० एकर जमीन मिळविण्यासाठी पश्चिमेकडे गेलेल्या, इतिहासात नाव नसलेल्या शेतकऱ्यांची ती घरे. लाकडी ओंडक्यांची भिंत, चुलाणे, पाळणा, गोधडी, विहिरीचा रहाट. दाखवावयाचे ते एवढेच. तेथे कोणी राष्ट्राध्यक्ष झोपला होता म्हणून ते घर राखलेले नसते. येथे आमचे गाव सुरू झाले, म्हणून राखलेले असते. गावातील निवृत्त शिक्षक, गृहिणी, दुकानदार यांची इतिहास मंडळी ते चालवितात. त्या देशानेही सुरुवात थोरांच्या घरापासूनच केली. वॉशिंग्टनचे माउंट व्हर्नन येथील घर १८५८ मध्ये स्त्रियांच्या एका संस्थेने वर्गणी काढून विकत घेतले. पण तो देश तेथेच थांबला नाही. न्यूयॉर्कचे भव्य पेनसिल्व्हानिया रेल्वे स्थानक १९६३ पासून पाडावयास घेतले तेव्हा लोक खडबडून जागे झाले आणि १९६६ मध्ये जतनाचा राष्ट्रीय कायदा झाला. त्या कायद्याखालील नोंदवहीत ‘स्थानिक महत्त्व’ असलेल्या वास्तूलाही जागा आहे.

आपल्याकडे १९५८ च्या केंद्रीय कायद्याचे शब्द पाहा: वास्तू किमान शंभर वर्षांची हवी आणि ‘राष्ट्रीय महत्त्वाची’ हवी. कमल बस्ती राष्ट्रीय महत्त्वाची ठरते, ते योग्यच आहे. पण शहापुरातील एखाद्या विणकराचा हातमाग जेथे चालला ते माजघर राष्ट्रीय महत्त्वाचे कसे ठरणार? ते शहापूरच्या महत्त्वाचे आहे. शहापूरच्या महत्त्वाच्या गोष्टी शहापूरकरांनी जपायच्या असतात, आणि नेमके तेच आपल्याला सुचत नाही.

पाहुण्याचा शोध घेत सरकारे किती दूर जातात, हेही बघावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनमधील ज्या घरात राहून शिकले, ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. चांगलेच केले. पण बाबासाहेब एप्रिल १९२५ मध्ये आपल्या निपाणीतही आले होते. मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद तेथे भरली होती. त्या परिषदेला गावोगावहून आलेली माणसे कोणाच्या घरी उतरली? कोणाच्या चुलीवर त्यांच्या भाकरी झाल्या? त्या काळी असे यजमानपद पत्करणे म्हणजे गावाचा रोष पत्करणे होते. ज्यांनी तो पत्करला, त्यांची घरे ओळखून त्यांवर नाव कोरण्यास लंडनला जावे लागत नाही. निपाणीच्या बसस्थानकावर उतरून चार वृद्धांना विचारावे लागते. अशी चौकशी करणारी पिढी आता जवळजवळ संपत आली आहे.

निपाणीचेच आणखी एक सांगतो. निपाणीचा इतिहास म्हटला की निपाणकर सिदोजीराव निंबाळकर आणि त्यांचा वाडा एवढेच डोळ्यांपुढे येते. सिदोजीराव १८३९ मध्ये वारले. त्यानंतरची निपाणी घडविली ती तंबाखूने. तंबाखूच्या वखारी, त्यांतील उग्र दर्प, तेथे राबणाऱ्या स्त्रिया, विड्या वळणारी घरे, दलालांच्या पेढ्या. १९८१ चे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन आणि त्यात गोळीबाराला बळी पडलेले शेतकरी, हा सारा निपाणीचाच इतिहास. पण वखार पाडली तर कोणाला चुकल्यासारखे वाटत नाही, कारण वखारीत पाहुणा उतरत नाही.

आता घरे पडतात कशी, ते पाहू. आमचे आयुष्य सरकारी नोकरीत गेले आणि घराजमिनींचे कागद रोज हाताखालून गेले, म्हणून हे सांगण्याचा थोडा अधिकार आम्हांस आहे. कोणी दुष्टपणाने कुदळ घेऊन येतो आणि वाडा पाडतो, असे सहसा घडत नाही. वाडा आधी कागदावर पडतो. मूळ मालक वारतो. उताऱ्यावर चार मुलांची आणि दोन मुलींची नावे चढतात. एक पुण्यास, एक बेंगळुरास, एक परदेशी. गावात उरलेल्या भावाचा हिस्सा सहावा, आणि पावसाळ्यापूर्वी कौले परतण्याचा खर्च मात्र सगळा त्याच्या माथी. बेळगाव-खानापूरचा पाऊस काही सोलापूरचा पाऊस नव्हे. दोन वर्षे कौले परतली नाहीत की वाशांवर पाणी उतरते, तिसऱ्या वर्षी मातीची भिंत फुगते, चौथ्या वर्षी ती सोप्यात बसते. मग पालिकेची ‘धोकादायक इमारत’ म्हणून नोटीस येते आणि त्या नोटिशीच्या मागोमाग विकासक येतो. सहाही वारसांच्या सह्या, ज्या घर शाकारण्यासाठी वीस वर्षांत एकदाही एकत्र आल्या नाहीत, त्या पंधरा दिवसांत एका कागदावर येतात. सागवानी खांब आणि तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात, आड बुजतो, आणि माजघराच्या जागी मोटारी उभ्या राहतात. जी घरे यातून सुटतात, ती रस्तारुंदीकरणात निम्मी कापली जातात. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचे नाव आले तेव्हा पेढे वाटले गेले. स्मार्ट म्हणजे काय याच्या पुष्कळ व्याख्या झाल्या. जुन्या गल्लीचे काय करायचे, याची व्याख्या फारशी कानावर आली नाही.

यावर आमच्यातील काही मित्र म्हणतील, ‘हे सगळे सीमाप्रश्नाचे दुष्परिणाम. आमची माणसे सत्तेत नाहीत, म्हणून आमच्या वास्तूंना वाली नाही.’ १९५६ च्या पुनर्रचनेने या भागावर अन्याय झाला, ही भावना येथील मराठी माणसाच्या मनात खोल आहे. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तोही तिच्यामुळेच. त्या भावनेचा आम्हांस आदर आहे. पण पुण्यात काय झाले? जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये ज्या भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, तो वाडा महाराष्ट्राच्या सांस्कृतिक राजधानीत, शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर उभा होता. तेथे भाषेचा तंटा नव्हता, परके सरकार नव्हते. तरीही वर्षानुवर्षे तो कोसळत राहिला, खटले चालत राहिले, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल लागून डिसेंबरमध्ये जागा ताब्यात आली, तेव्हा तो वाडा पाडूनच टाकावा लागला. तेथे आता स्मारक व्हायचे आहे. स्मारक होईल, वाडा नव्हे. ज्या जिन्यावरून त्या पहिल्या मुली चढल्या, तो जिना कोणतेही अनुदान परत आणू शकणार नाही. तेव्हा बेळगावात जे होते ते बेंगळुरामुळेच होते, असे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही.

उलट आम्ही तर पुढे जाऊन विचारतो: या भागातील मराठीपणाचा पुरावा कोठे आहे? तो फलकांवरील अक्षरांत नाही. ते आज एका सरकारने लिहिले, उद्या दुसरे पुसेल. तो या घरांत आहे. माळ्यावरील मोडी कागदांच्या रुमालांत, दुकानाच्या कीर्दखतावण्यांत, देवघराच्या देवळीवर कोरलेल्या शकात, लग्नाच्या याद्यांत आहे. तेथेच मराठी वहीत कानडी नावे आणि कानडी हिशेबात मराठी शब्दही सापडतात, कारण या गावाने दोन्ही भाषा एकाच ओसरीवर बोलल्या आहेत. एक नोव्हेंबरला काळा दिवस पाळणारे घर जर एकतीस ऑक्टोबरला आजोबांचे मोडी दफ्तर रद्दीवाल्याला किलोवर घालीत असेल, तर त्या निषेधाला कोणता आधार उरला? भाषेचा हक्क मागणाऱ्याने आधी भाषेचे कागद सांभाळावे, हे म्हणणे कोणाला कटू वाटेल. पण ते म्हणणे भाग आहे.

आणखी एक आक्षेप येतो, आणि तो अधिक गंभीर आहे. ‘वाडे कोणाचे? वरच्या जातींचे आणि सावकारांचे. ज्यांना त्या दिंडी दरवाजातून आत येता येत नव्हते, त्यांनी ते वाडे का जपावेत?’ या आक्षेपाला आम्ही टाळू इच्छीत नाही. वाड्याच्या मागील दारी वेगळे पाणी होते, ओसरीच्या कोणत्या पायरीपर्यंत कोणी यावे हे ठरलेले होते, हे सर्व खरे आहे. पण म्हणूनच तो वाडा उभा हवा. ती पायरी दाखवून मुलांना सांगता आले पाहिजे, की येथे तुमच्या पणजोबांना थांबावे लागे. वाडा पाडून अपराधाची खूण नाहीशी होते, अपराध नव्हे. अमेरिकेतही वसाहतकऱ्यांच्या घरांविषयी आज हाच प्रश्न विचारला जातो, की ही जमीन त्यांच्या आधी कोणाची होती? ज्या जागी तो प्रश्न विचारायचा, ती जागा उभी आहे म्हणूनच तो विचारता येतो. आणि जपायचे ते वाडेच, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. विणकराचे माजघर, विडी वळणाऱ्या बाईची खोली, खानापूरच्या कौल भट्टीवरच्या कामगाराची चाळ, १९२५ च्या परिषदेच्या यजमानाचे झोपडे, ही सर्व आमच्या यादीत आहेत. पाहुणा नव्हे, यजमान मोजायचा, असे एकदा ठरले की यादी आपोआप लांबते आणि न्याय्य होते.

तिसरा आक्षेप मालकाचा: ‘घर आमचे, गळते आमच्यावर, आणि जपा म्हणून सांगणारे तुम्ही कोण?’ हा आक्षेप पूर्णपणे रास्त आहे. मालकाच्या खिशातून गावाची हौस पुरविणे हा अन्यायच होय. ज्या घराचे घरपण सर्वांनी उपभोगायचे, त्याचा खर्चही सर्वांनी उचलला पाहिजे. मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंची नियमावली आहे. बेळगाव, निपाणीसारख्या गावांना तितका मोठा पसारा नको. घरपट्टीत सूट, दुरुस्तीस अल्प व्याजाचे कर्ज, रुंदीकरणाची रेषा दोन हात सरकविण्याची तयारी आणि मालकाच्या संमतीने केलेली नोंद, एवढ्यावर पुष्कळ काम होईल. शेजारी गोव्यात चांदर येथील ब्रागांझांचे घर पाहावे. कुटुंब तेथे नांदते आणि येणाऱ्याजाणाऱ्यास घरही दाखविते. घर जगवायचे तर त्यात माणसांनी राहिले पाहिजे. कुलूप लावलेले स्मारक हेही एक प्रकारचे पडके घरच असते.

आता शेवटचे, आणि ते आपल्या मंडळाविषयी. सरकारे काय करतील ते करोत. साहित्य मंडळाच्या हाती ना निधी, ना सत्ता. पण भाट्यांच्या घराने जे दाखवून दिले ते आपल्या हातात आहे: घर प्रथम लिहिण्याने वाचते. कविता, कथा, समीक्षा यांना आपल्या पत्रिकेत जागा आहे, ती राहावीच. त्याबरोबर प्रत्येक अंकात दोन पाने एका घराला द्यावीत, अशी आमची जाहीर मागणी आहे. घर कोणत्या गल्लीत, कोणी केव्हा बांधले, लाकूड कोठून आले, गवंडी कोण, सोपा, माजघर, आड, परडे यांचा हाताने काढलेला साधा नकाशा, घरात कोणती भाषा कोणाशी बोलली जाई, कोण कोठपर्यंत येऊ शके, कोणते कागद शिल्लक आहेत आणि ते कोण वाचू शकतो. मोडी वाचणारे दोन सभासद आपल्यात आहेत; त्यांनी दरमहा एक रविवार द्यावा. ज्या घराला कागद ठेवणे झेपत नाही, त्या घराचे कागद मालकाच्या परवानगीने कोल्हापूरच्या पुरालेखागारात अथवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात पोचविण्याची जबाबदारी मंडळाने घ्यावी. वर्षाला चार अंक, म्हणजे चार घरे. दहा वर्षांत चाळीस.

चाळीस घरांतील तीस पडतीलही. आम्ही भाबडे नाही. पण त्या तीस घरांचे वर्णन तरी उरेल. आणि उरलेली दहा घरे पाडावयास निघालेल्या वारसाच्या हाती कोणी तरी तो अंक ठेवील, तेव्हा सही करण्यापूर्वी तो एकदा तरी थांबेल. रिसालदार गल्लीत यापेक्षा वेगळे काही घडले नव्हते. तेथे फक्त त्या घरातला एक मुलगा लिहिता होता. आपल्या मंडळात लिहिते लोक दीडशे आहेत, निदान वर्गणीच्या वहीत तरी तशी नोंद आहे. पुढील अंकासाठी पहिले घर कोणते घ्यायचे, हे कार्यकारिणीने येत्या बैठकीतच ठरवावे आणि ते काम कोणाकडे दिले, तेही त्याच बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवावे.